एक चूल, एक पंगत : न जेवणारे मूल आणि पालकांचे आरोग्य

प्राथमिक शाळेत होणाऱ्या पालक-सभांमध्ये अभ्यासाखालोखाल जर कोणती तक्रार वारंवार ऐकू येत असेल, तर ती मुलाच्या जेवणाची होय. “आमचा मुलगा भाजी तोंडात घालत नाही,” “हिला वरण-भाताशिवाय काही चालत नाही,” “ताट समोर ठेवले की हा उठून पळतो,” ही वाक्ये प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची आहेत. तक्रार सांगणारी बहुधा माताच असते. तिच्या बोलण्यात मुलाविषयीची काळजी जशी असते, तसा स्वतःचा थकवाही असतो. एका मुलासाठी निराळा भात, दुसऱ्यासाठी बिनतिखटाची भाजी, पतीसाठी तिसरे कालवण असे तीन स्वयंपाक करून ती स्वतः सर्वांच्या शेवटी, कसेबसे उभ्याने, उरलेसुरले खाऊन घेते.

हा प्रश्न वरवर घरगुती वाटला, तरी तो लहान नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांमध्ये आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. म्हणजे न जेवणारे मूल आणि शेवटी जेवणारी आई या दोघांची गरज पुष्कळशी एकच आहे. ती एकाच स्वयंपाकातून, अधिक कष्ट न करता कशी भागविता येईल, याचा विचार या लेखात केला आहे. शिक्षकांनी तो पालकांपर्यंत पोहोचवावा, अशी अपेक्षा आहे.

मूल का खात नाही?

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की, खाण्यात निवड करणारे मूल हे सामान्यतः हट्टी किंवा आजारी नसते. त्याच्या वागण्यास काही नैसर्गिक कारणे असतात.

पहिले कारण वाढीच्या वेगाचे आहे. जन्माच्या वेळी सुमारे ३ किलो वजनाचे मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत सुमारे ९ किलोंचे होते; म्हणजे एका वर्षात त्याचे वजन तिपटीने वाढते. दुसऱ्या वर्षी ही वाढ दोन-अडीच किलोंवर येते आणि त्यानंतर शाळेत जाऊ लागेपर्यंत ती वर्षाला सुमारे २ किलो एवढीच राहते. वाढ मंदावली की भूकही कमी होते. आईला मात्र पहिल्या वर्षातील भूक आठवत असते. त्यामुळे मुलाचे खाणे एकाएकी घटले असे तिला वाटू लागते.

दुसरे कारण नवीन पदार्थाच्या भीतीचे होय. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात ही भीती सर्वाधिक असते. चालू लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालू लागले, तर एखादे विषारी फळ वा पान त्याच्या पोटात जाण्याचा धोका असतो. त्या धोक्यापासून बचाव म्हणून ही सावधगिरी मनुष्यस्वभावात उतरली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. शिवाय कडू चव लहान मुलांस मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते. यास्तव मेथी, कारले, शेपू यांपुढे मूल तोंड फिरविते, यात नवल नाही.

तिसरे कारण मात्र आपण निर्माण केलेले असते. सकाळी चहा-बिस्किट, शाळेतून आल्यावर पुडीतील कुरकुरे, सायंकाळी पुन्हा चहा-खारी, असे दिवसभर चालले म्हणजे जेवणाच्या वेळी भूक उरत नाही. लहान मुलाचे पोट लहान असते. चार बिस्किटांनी ते तासा-दोन तासांपुरते भरते. त्यातून साखर व मैदा मिळतो, परंतु रक्त व स्नायू यांस आवश्यक असे फारसे काही मिळत नाही. चहातील टॅनिन हे द्रव्य अन्नातील लोहाचे शोषण कमी करते, हेही येथे ध्यानात ठेवावे.

सक्तीने काय होते?

मूल जेवत नाही असे दिसले की घरात दोन उपाय सुरू होतात. एक दटावणीचा व दुसरा आमिषाचा. “सगळे संपविल्याशिवाय उठायचे नाही,” हा पहिला. आणि “भाजी खाल्लीस तर चॉकलेट देईन,” हा दुसरा. अलीकडे यात तिसऱ्याची भर पडली आहे. मुलाच्या हाती मोबाईल देऊन, त्याचे लक्ष तिकडे असताना घास भरविणे. तिन्ही उपायांनी त्या दिवशीचे ताट कदाचित रिकामे होते, परंतु जेवणाची गोडी वाढत नाही.

बालकांच्या खाण्याविषयी परदेशांत जे पद्धतशीर प्रयोग झाले आहेत, त्यांचे निष्कर्ष आपल्याही घरात पडताळून पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांस काही अपरिचित पदार्थ कमीअधिक वेळा चाखावयास दिले. जो पदार्थ अधिक वेळा चाखला, तो मुलांस अधिक आवडू लागला. १९८४ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. एखादे पेय प्याल्याबद्दल बक्षीस दिले असता मुलांची त्या पेयाविषयीची आवड पुढे कमी झाली. मुलाचा हिशेब सरळ असतो. ज्या वस्तूसाठी लाच द्यावी लागते, ती वस्तू वाईटच असली पाहिजे. २००६ साली बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगातही, सूप संपविण्याचा आग्रह केला असता मुलांनी ते कमी घेतले व त्याविषयी नापसंतीचे उद्गार अधिक काढले, असे दिसून आले.

यावरून व्यवहारासाठी एक साधा नियम निघतो. नवीन पदार्थ एकदा नाकारला म्हणजे तो मुलास आवडत नाही, असा निर्णय करू नये. आठ, दहा, कधी पंधरा वेळा तो थोडा थोडा समोर यावा लागतो. बहुतेक घरांत तीन-चार वेळा नकार मिळाला की ती भाजी मुलाच्या ताटातून कायमची जाते; आणि पाचव्या-सहाव्या वेळी जे घडले असते, ते घडतच नाही.

कामाची वाटणी

अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात पालक व मूल यांच्यातील कामाची जी वाटणी सांगितली, ती पालक-सभेत सहज समजावून देता येण्यासारखी आहे. काय शिजवावयाचे, कोणत्या वेळी वाढावयाचे आणि कोठे बसून जेवावयाचे, हे पालकांनी ठरवावे. त्यातील काय खावयाचे आणि किती खावयाचे, हे मुलाने ठरवावे. दोघांनी एकमेकांच्या कामात हात घालू नये.

मुलावर एवढा विश्वास टाकावा काय, असा प्रश्न पालक विचारतील. त्याचे उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडते. क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ स्त्रीने १९२८ साली याविषयीचा आपला पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढे एकूण १५ बालकांवर हा प्रयोग केला. नुकत्याच अंगावरून तुटलेल्या या मुलांसमोर साधे, सकस पदार्थ ठेवले जात. कोणी भरवीत नसे की सुचवीत नसे. प्रत्येक मुलाची निवड निराळी होती, एका दिवशी एक व दुसऱ्या दिवशी भलतेच असे त्यांचे खाणे होते. तरीही सर्व मुले सुदृढ वाढली. मात्र या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलांसमोर साखरेचे किंवा तयार खाऊचे पदार्थ मुळी ठेवलेलेच नव्हते. निवड मुलाची होती. परंतु कशातून निवडावयाचे, हे मोठ्यांनी ठरविले होते. आपल्या घरातही हीच मर्यादा पाळली पाहिजे. घरात पुडी आणून ठेवावयाची आणि मूल पोळी खात नाही म्हणून रागवावयाचे, हे न्यायाचे नव्हे.

एकाच स्वयंपाकातून सर्वांची सोय

आता प्रत्यक्ष चुलीकडे वळू. प्रत्येकासाठी स्वतंत्र पदार्थ करण्याऐवजी एकच पदार्थ करावा आणि त्याला अंतिम रूप देण्याच्या वेळी वाटे पाडावे. तिखट घालण्यापूर्वी मुलाचा वाटा काढून ठेवणे, हा त्यातील सर्वांत सोपा प्रकार होय. पुढील पदार्थ नेहमीच्या साहित्यातून, एका भांड्यात किंवा एका तव्यावर होणारे आहेत.

(१) मुगाची खिचडी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, हळद, मीठ आणि गाजर, मटार किंवा लाल भोपळा यांच्या बारीक फोडी एकत्र शिजवाव्यात. मुलास ती वर थोडे तूप घालून द्यावी. मोठ्यांसाठी मोहरी, लसूण व सुक्या मिरचीची फोडणी निराळ्या पळीत करून वरून घ्यावी. तांदळाच्या प्रथिनांत जे घटक अपुरे असतात ते डाळीत, व डाळीत अपुरे असतात ते तांदळात असल्यामुळे दोहोंचा मेळ एकट्या भातापेक्षा कितीतरी सकस होतो.

(२) वरणफळे. काही भागांत यांस चकोल्या म्हणतात. तुरीच्या पातळ, फोडणीच्या वरणात कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडून शिजवितात. ज्या मुलास पोळी नको व भाजी नको असते, ते वरणफळे बहुधा आवडीने खाते. तुकडे कापण्याचे काम मुलाकडेच द्यावे. आपण केलेला पदार्थ मूल अधिक उत्साहाने चाखते. वरणात शेवग्याच्या शेंगा किंवा मूठभर चिरलेला पालक घालता येतो.

(३) थालीपीठ. भाजणीत किसलेली काकडी, दुधी, कोबी किंवा बारीक चिरलेली मेथी मळून थापावी. मुलांची थालीपिठे लहान, तळहाताएवढी थापावीत व दह्याबरोबर द्यावीत. मोठ्यांच्या पिठात नंतर तिखट व कांदा मिसळावा. भाजी पिठात मिसळून देताना ती लपवून फसवू नये. तिचे नाव सांगावे. मेथी ओळखीची झाली, तरच उद्या ती भाजी म्हणून ताटात चालेल.

(४) मोडाची उसळ. मटकी किंवा मूग भिजवून मोड आणावे. मोड येताना क जीवनसत्त्व वाढते. मुलासाठी उकडलेली, मीठ व किंचित गूळ घातलेली उसळ बाजूस काढावी. उरलेल्या उसळीस मसाला घालावा. वाढताना लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे डाळी-कडधान्ये व पालेभाज्या यांतील लोह अंगी लागण्यास मदत होते. ते उष्णतेने नष्ट होत असल्याने लिंबू शिजविताना घालू नये.

(५) अंडे. ज्या घरी चालते तेथे अंड्यासारखा सोपा पदार्थ नाही. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. भुर्जीत टोमॅटो व कोथिंबीर घालून ती भाकरीबरोबर दिल्यास दहा मिनिटांत जेवण तयार होते.

वाढताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. नवीन किंवा नावडती भाजी एकच चमचा वाढावी आणि तिच्या शेजारी मुलाच्या ओळखीचा एक तरी पदार्थ असावा. मुलाने ती भाजी चाखली तर ठीक. न चाखली तर “चाख” म्हणून मागे लागू नये आणि तिच्या बदली दुसरा पदार्थही करून देऊ नये. पुढच्या जेवणाची वेळ ठरलेली आहे, हे मुलास चार-सहा दिवसांत समजते.

थोड्या तयारीने वाचणारा वेळ

कामावर जाणाऱ्या किंवा शेतात राबणाऱ्या पालकांस वेळ नसतो, ही अडचण खरी आहे. त्यांनी आठवड्यातून एकदा तासभर काढून तीन वस्तू तयार ठेवाव्यात. पहिली भाजणी. ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ, गहू व हरभऱ्याची डाळ प्रत्येकी १ वाटी, उडीद अर्धी वाटी आणि पाव वाटी धने, हे सर्व निरनिराळे खमंग भाजून, थोडे जिरे घालून दळून आणावे. दुसरी वस्तू भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट. शेंगदाण्यांत वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. कोशिंबिरीत, भाजीत किंवा गुळाबरोबर लाडू करून ते देता येते. मात्र पाच वर्षांखालील मुलांस अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. तिसरी वस्तू मोड आलेली कडधान्ये. ती फडक्यात बांधून थंड जागी ठेवल्यास दोन दिवस पुरतात.

मधल्या वेळेच्या खाण्यासाठीही बाजारात जावे लागत नाही. केळे, पेरू, उकडलेले रताळे, भाजलेले मक्याचे कणीस, फुटाणे व गूळ, मेतकूट-भात, नाचणीची आंबील, ऋतूप्रमाणे बोरे किंवा जांभळे यांपैकी काहीही चालेल. फुटाणे व बोरे मोठ्या मुलांसच द्यावीत. खाण्याची वेळ जेवणाच्या निदान दोन तास आधीची असावी.

पालकांच्या प्रकृतीचा प्रश्न

मुलाच्या जेवणाची चिंता करताना पालक स्वतःच्या प्रकृतीकडे दुर्लक्ष करतात. त्याची दोन रूपे दिसतात आणि कधीकधी ती एकाच घरात नांदतात. एक, आईने सर्वांच्या मागून जेवणे. शेवटी भांड्यात रस्सा उरतो, भाजी व डाळ उरत नाही; यातून रक्तक्षय बळावतो. दुसरे, अन्न वाया जाऊ नये म्हणून मुलाच्या ताटातले उरलेले खाणे. मुलाची अर्धी पोळी, तेलात परतलेला भात, अर्धवट सोडलेली बिस्किटे हे स्वतःच्या जेवणाखेरीज पोटात जाते आणि त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. असे दोन-तीन चमचे रोज नकळत वाढले, तर वर्षाअखेर वजन वाढल्याचे नवल वाटू नये.

या दोन्हींवर उपाय एकच आहे. ताट सर्वांचे एकाच वेळी वाढावे आणि मुलास प्रथम कमी वाढून, मागितल्यास पुन्हा वाढावे. कमी वाढले की उरत नाही; आणि एकत्र बसले की आईच्या वाटणीची डाळ-भाजी आईस मिळते. घरातील पुरुषांनी यात आपला भाग उचलला पाहिजे. पाणी घेणे, ताटे मांडणे, वाढणे ही कामे वडिलांनी केली, तर आई वेळेवर पंगतीस बसू शकते. शिवाय मूल उपदेशापेक्षा उदाहरणावरून शिकते. वडील ताटातील कारले बाजूस सारीत असतील, तर मुलास कारल्याचे गुण सांगून काय उपयोग?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाच्या आहाराचा सुमारे अर्धा भाग भाज्या व फळे यांचा असावा, असे म्हटले आहे. मुलासाठी मीठ-तेल बेताचे ठेवून केलेला स्वयंपाक मोठ्यांसही हितकर ठरतो. प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड व फरसाण यांतील मीठही त्यातच मोजावयाचे असते.

व्यायामाविषयी याच संघटनेने २०२० साली असे सुचविले आहे की, प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. शेतात कष्ट करणाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. परंतु बैठे काम करणाऱ्या पालकांनी मुलास शाळेत पायी पोहोचविणे, सायंकाळी त्याच्याबरोबर लंगडी किंवा पकडापकडी खेळणे, एवढ्यानेही दोघांचे काम भागते. खेळून आलेल्या मुलास भूक लागते, हा लाभ वेगळाच.

शाळेने काय करावे?

या कामी शाळेजवळ एक उत्तम साधन आहे. शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. शिजविलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. प्राथमिक वर्गांतील मुलास एका वेळी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल यांतून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. घरी भाजीस शिवत नसलेले मूल शाळेच्या पंगतीत मित्राच्या शेजारी बसून तीच भाजी खाते, हा अनेक शाळांचा अनुभव आहे. शिक्षकांनी तो पालकांस आवर्जून सांगावा. तसेच,

(अ) मुलाच्या देखत “हा काही खातच नाही” असे बोलू नये व पालकांसही बोलू देऊ नये. एकदा चिकटलेले असे नाव मूल स्वतःच खरे करून दाखविते.
(आ) पंगतीत कोणास संपविण्याची सक्ती किंवा शिक्षा करू नये. कमी वाढून पुन्हा विचारावे.
(इ) परसबागेत मेथी, पालक, मुळा लावून ती भाजी मुलांकडून खुडून घ्यावी.
(ई) वर्षातून एका पालक-सभेत वरीलपैकी एखादा पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवावा. त्या सभेस वडिलांस मुद्दाम बोलवावे.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

सर्वच प्रकरणे घरी सुटणारी नसतात. वजन घटणे किंवा कित्येक महिने मुळीच न वाढणे, चेहरा व नखे फिकट दिसणे, लवकर दमणे, माती किंवा खडू खाणे, घास गिळताना ठसका वा वांती होणे, अथवा मोजक्या चार-पाच पदार्थांखेरीज सर्व काही वर्षानुवर्षे नाकारणे, यांपैकी काही आढळल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. माती खाणे हे अनेकदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. त्यासाठी मुलास मारणे हा उपाय नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथकाकडून होणारी तपासणी, जंतनाशक गोळी व साप्ताहिक लोहगोळी यांचा लाभ वर्गातील एकही मूल चुकविणार नाही, याची दक्षता वर्गशिक्षकाने घ्यावी.

मूल आज भाजी खाईल की नाही, हे कोणाच्याही हाती नाही. परंतु घरात ठरल्या वेळी चूल पेटेल, एकच सकस स्वयंपाक होईल, सर्वांची ताटे एकदम मांडली जातील आणि आई त्या पंगतीत बसलेली असेल, एवढे पालकांच्या हाती निश्चित आहे. तेवढे सहा महिने नेटाने सांभाळावे आणि मुलाच्या आवडीनिवडीत काय पालट झाला, तो पुढील पालक-सभेत सांगावा.